आत आणला कोणी, मारला कोणी?
रग्बीच्या इन-गोलमध्ये आणि खेळ पुन्हा सुरू करताना काय करावे, काय टाळावे

पातूरला मैदानावर रग्बीसाठी फक्की मारायला घेतली की एक पोट्टं हमखास विचारतं, "सर, खांबाच्या मांगं एवढी जागा काहून सोडता?" फुटबॉलमध्ये खांबाच्या मागे जाळं आणि मग बघे. कबड्डीत तर मागे थेट चपलांचा ढीग. रग्बीत मात्र खरा खेळ त्या मागच्या पट्ट्यातच संपतो. त्याचं नाव इन-गोल. मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब, ६८ ते ७० मीटर रुंद, आणि दोन्ही टोकांना गोलरेषेच्या मागे ६ ते २२ मीटर खोलीचा हा पट्टा. शाळेच्या मैदानावर २२ कुठून आणणार? ६ मिळाले तरी नियमात बसतं.

आमच्याकडे रग्बीला येणारी पोरं कबड्डी आणि खो-खोतून येतात. साहजिक आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली होती, त्या वऱ्हाडात पकड कशी घालायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवावी लागते ती रेषा.

करा: आधी विचारा, ही रेषा कोणाची?

एकाच मैदानावर चार खेळ खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात चार कायदे असतात. कबड्डीत सीमारेषा मैदानाचाच भाग, रेषेवर पाय म्हणजे आत. क्रिकेटमध्ये चेंडू हातात असताना दोरीला बूट लागला की चौकार. फुटबॉलमध्ये चेंडू अख्खा पलीकडे गेल्याशिवाय गोल नाही, रेषेवर बसलेला चेंडू म्हणजे काहीच नाही.

रग्बीत दोन जातीच्या रेषा आहेत आणि घोटाळा तिथेच होतो. गोलरेषा ही इन-गोलचा भाग. म्हणजे चढाई करणाऱ्याने चेंडू नुसता पांढऱ्या फक्कीवर टेकवला तरी ट्राय, ५ गुण. पलीकडे जायची गरज नाही. पण बाजूची टचरेषा, इन-गोलच्या बाजूची टच-इन-गोल रेषा आणि सगळ्यात मागची डेड-बॉल रेषा या तिन्ही बाहेरच्या. चेंडू हातात असताना त्यांना बुटाचं टोक जरी लागलं तरी खेळाडू बाहेर. २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा मार्क क्वेटो कोपऱ्यात झेपावला, चेंडू व्यवस्थित टेकवला, आणि ट्राय नाकारला गेला. कारण टेकवण्याआधी त्याचा पाय टचरेषेला लागला होता. दक्षिण आफ्रिका १५–६ ने जिंकली. कबड्डीच्या हिशोबाने तो पाय आतच होता!

टाळा: खांबाच्या गादीला चेंडू टेकवून हात वर करणं.

हे पूर्वी चालायचं. गादी गोलरेषेचाच भाग धरत. २०२० पासून चालत नाही, चेंडू जमिनीवरच टेकला पाहिजे. मोबाइलवर जुने सामने पाहून आलेली पोरं अजूनही गादीवर आपटतात आणि मग माझ्याकडे पाहतात.

करा: चेंडू टेकवण्याच्या दोन रीती वेगवेगळ्या शिका.

चेंडू हातात धरलेला असेल तर तो जमिनीला लागला की पुरे. दाबायची गरज नाही. बाहेरून "दाबला नाही, दाबला नाही" असं ओरडणाऱ्यांना हे अर्धंच माहीत असतं. चेंडू जमिनीवर मोकळा पडलेला असेल तेव्हा मात्र तो वरून दाबावा लागतो: हाताने, बाहूने, किंवा कमरेपासून मानेपर्यंतच्या पुढच्या अंगाने. म्हणजे छातीवर पडलात तर चालेल. गुडघा, पाय, हनुवटी चालणार नाही.

आणि उचलणं म्हणजे टेकवणं नव्हे. बचाव करणाऱ्याने आपल्या इन-गोलमध्ये चेंडू उचलला तर खेळ चालूच आहे. तो पळू शकतो, लाथ मारू शकतो, किंवा दोन पावलं जाऊन टेकवू शकतो. इथे नुसती जागा गाठून सुटका होत नाही.

टाळा: टेकवण्याआधी जल्लोष.

ऑक्टोबर २०१८, बाथ विरुद्ध तुलूझ. सामना संपत आलेला, बाथ दोन गुणांनी मागे. फ्रेडी बर्न्स गोलरेषा ओलांडून आत शिरला. आता फक्त खाली वाकायचं होतं. त्याने प्रेक्षकांकडे पाहून चेंडूला ओठ लावल्यासारखं केलं, आणि मागून आलेल्या माक्सिम मेदारने त्याच्या हातातला चेंडू उडवून लावला. बाथ २०–२२ ने हरलं. थोड्याच वेळापूर्वी त्याची एक पेनल्टीही खांबाला लागून गेली होती. एखाद्या दिवशी माणसाचे ग्रहच फिरलेले असतात, पण टेकवायला ग्रह लागत नाहीत.

एक खरं की ट्रायनंतरची कन्व्हर्जन किक ज्या ठिकाणी चेंडू टेकवला त्याच्या सरळ रेषेतून मारावी लागते, म्हणून आत शिरलेला खेळाडू खांबांच्या मधोमध यायचा प्रयत्न करतो. यावं. पण मागे कोणी असेल तर कोपऱ्यातच टेकवा. २ गुण सोपे करण्याच्या नादात हातातले ५ घालवू नका.

करा: इन-गोलमध्ये दोनच प्रश्न विचारा. आत आणला कोणी? मारला कोणी?

हा या सगळ्या कायद्याचा कणा आहे. 'मारला' म्हणजे चेंडू मृत केला: टेकवला, किंवा मागच्या-बाजूच्या रेषेबाहेर घालवला. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की खेळ पुन्हा कुठून आणि कोणाच्या हाताने सुरू होणार ते बहुतेक वेळा आपोआप कळतं. मी पोरांना पुस्तक देत नाही. फक्कीने इन-गोल आखतो, चेंडू ठेवतो आणि विचारतो.

समोरच्यांनी खेळाच्या ओघात लाथ मारून चेंडू तुमच्या इन-गोलमध्ये घातला, तुम्ही टेकवला. आणला त्यांनी, मारला तुम्ही. खेळ गोलरेषेवरून तुमच्या ड्रॉप-आउटने, म्हणजे ड्रॉप-किकने, सुरू. २०२१ मध्ये हा बदल चाचणी म्हणून आला आणि मग कायम झाला. त्याआधी अशा वेळी थेट २२ मीटरच्या रेषेवर जायला मिळायचं. म्हणजे बचाव करणाऱ्याची २२ मीटरची बक्षिसी गेली. माझ्या मते उत्तम झालं, आता चेंडू आत आला की पोरं लगेच टेकवून मोकळी होत नाहीत, बाहेर पळायचा प्रयत्न करतात.

त्यांनी मारलेली लाथ इतकी लांब की चेंडू इन-गोल पार करून मागच्या किंवा बाजूच्या रेषेबाहेरच गेला. आणला त्यांनी, मारलाही त्यांनी. मग निवड तुमची: २२ मीटरवरून ड्रॉप-आउट, किंवा त्यांनी जिथून लाथ मारली तिथे तुमचा स्क्रम (दोन्ही संघांची खांद्याला खांदा लावून रेटारेटी). कर्णधारांनो, इथे झटकन २२ म्हणू नका. त्यांनी स्वतःच्या अर्ध्यातून मारली असेल तर स्क्रम तुम्हाला कितीतरी पुढे मिळतो. पेनल्टी किंवा ड्रॉप-गोल हुकून चेंडू आत आला आणि तुम्ही मारला, किंवा तो बाहेर गेला, तर मात्र निवड नाही, २२ चा ड्रॉप-आउट.

समोरचा चेंडू घेऊन तुमच्या इन-गोलमध्ये शिरला, पण तुम्ही अंगाखाली हात घालून तो टेकवू दिला नाही. याला 'हेल्ड-अप' म्हणतात. आणला त्यांनी, पण कामगिरी तुमची. गोलरेषेवरून ड्रॉप-आउट, तुमचाच. पूर्वी इथे त्यांना ५ मीटरवर स्क्रम मिळायचा आणि ते पुन्हा तिथेच धडका मारायचे.

आता शेवटचं, आणि हेच सगळ्यात जास्त चुकतं. चेंडू मैदानात तुमच्या हातात होता. मागे वळलात, स्वतःच गोलरेषेच्या आत गेलात आणि टेकवलात. आणला तुम्ही, मारला तुम्ही. ५ मीटरवर स्क्रम, आणि चेंडू त्यांचा.

जुलैच्या एका दुपारी हे मी शिटी तोंडात धरून पाहिलं. काळी माती बुटाला अशी चिकटलेली की प्रत्येकाच्या पायाखाली दोन बोटं उंची वाढलेली. बचावाच्या पोराने २२ च्या आत चेंडू गोळा केला, पुढे तिघं दिसले, तसा मागे पळाला आणि गोलरेषेच्या आत पालथा पडून चेंडू छातीखाली घेतला. उठला तो हसतच. "वाचवला सर!" मी समोरच्यांना स्क्रम दिला. चिखलात ५ मीटर म्हणजे काय असतात! दुसऱ्या धडकेत ट्राय. पोरगा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. चूक माझीही होती. मी त्याला टेकवायचं कसं ते शिकवलं होतं, कधी टेकवायचं नाही ते शिकवलं नव्हतं.

टाळा: घाईची शिटी.

हे पंचांसाठी. ढिगाऱ्याखाली चेंडू कुठे आहे ते दिसत नाही, आणि आपल्याकडे टीव्ही पंच नाही. टीव्ही असूनही सुटतंच असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एडिनबरोला स्कॉटलंड विरुद्ध फ्रान्स सामन्याच्या शेवटच्या क्षणी सॅम स्किनर गोलरेषेवर पडला. चेंडू आधी एका बुटावर आणि मग गवतावर गेल्यासारखा दिसत होता. मैदानावरच्या पंचांनी आधीच 'ट्राय नाही' म्हटलं होतं आणि तो निर्णय बदलण्याइतका ठोस पुरावा टीव्ही पंचांना मिळाला नाही. फ्रान्स २०–१६ ने जिंकला. स्कॉटलंडमध्ये तो बूट लोक अजून विसरलेले नाहीत.

म्हणून पंचाने गोलरेषेवर आधी पोहोचावं आणि सरळ पोटावर झोपावं. कपडे खराब होतील, होऊ द्या. मी कित्येकदा फक्कीने पांढरा होऊन घरी गेलोय. चेंडूवर फक्कीचा डाग मात्र पुरावा मानू नका, तो आधीच्या धडकेतलाही असू शकतो. आणि चेंडू टेकला, पण आधी कोणी टेकवला हेच कळत नसेल तर नियम स्पष्ट आहे: ५ मीटरवर स्क्रम, चेंडू चढाई करणाऱ्यांचा.

करा: कोपऱ्यात अंग हवेत टाका.

खेळाडू टचरेषेच्या बाहेर हवेत असला तरी जमिनीला लागेपर्यंत तो बाहेर नाही. हवेतच हात आत आणून चेंडू टेकवला तर ट्राय. कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीला अंग लागलं तरीही तो बाहेर जात नाही.

त्याहून गमतीची गोष्ट. खेळाडू स्वतः बाहेर उभा आहे, चेंडू इन-गोलमध्ये मोकळा पडलाय. तो बाहेरूनच हात लांब करून चेंडू दाबू शकतो, आणि ते ग्राह्य धरलं जातं. अट एकच: चेंडू धरायचा नाही, फक्त दाबायचा. हे सांगितलं तेव्हा आमच्या एका कबड्डीपटूने कपाळाला हात लावला. "बाहेर गेलेला गडी खेळतोय, हा काय न्याय आहे!"

झेंड्यांच्या काठ्या मात्र वाकणाऱ्या लावा. तुराटी किंवा पराटीची काडी फुकट मिळते, पण मोडली की टोक सुरीसारखं होतं. कोपऱ्यात तर पोरं तोंडावरच पडतात.

करा: पकडले गेलात तरी एकदा हात लांब करा.

गोलरेषेच्या अलीकडे खाली आलात तर लगेच, एकाच हालचालीत हात लांब करून चेंडू रेषेवर किंवा पलीकडे टेकवता येतो. वेगाने घसरत आत गेलात तरी चालतं. सरपटत पुढे जाणं, पुन्हा उठून झेप घेणं चालत नाही.

टाळा: रेषेवर पोचलेल्या चेंडूला अजून रकमध्ये धरणं.

रक (जमिनीवरच्या चेंडूवरची झुंज), मॉल (उभ्या खेळाडूच्या हातातल्या चेंडूभोवतीची झुंज) आणि स्क्रम फक्त मैदानात असतात, इन-गोलमध्ये नाहीत. चेंडू गोलरेषेला लागला की ते संपले आणि त्यांची ऑफसाइडची रेषाही संपली. तेव्हा बचाव करणाऱ्यांनो, "पाय लावून उभे राहा" म्हणत बसू नका. झडप घाला.

टाळा: ट्राय अडवण्यासाठी गुंडगिरी.

उंच पकड, चेंडू नसलेल्याला पाडणं, चेंडू मुद्दाम हाताने बाहेर मारणं. नाहीतर ट्राय बहुधा झालाच असता असं पंचाला वाटलं तर पेनल्टी ट्राय, थेट ७ गुण आणि कन्व्हर्जन किक मारण्याचीही गरज नाही. एक ट्राय वाचवायला जाऊन तो कन्व्हर्जनसकट देऊन टाकण्याचा हा मार्ग आहे. शिवाय पिवळं किंवा लाल कार्ड.

(ट्राय हे नावही गमतीचं. सुरुवातीच्या काळात चेंडू टेकवल्याला गुणच नव्हते. त्याने फक्त गोलावर लाथ मारायचा 'प्रयत्न' मिळायचा. १९७१ मध्ये ट्रायचे ३ वरून ४ झाले, १९९२ मध्ये ५. आज प्रयत्नच गोलापेक्षा महाग.)

करा: ड्रॉप-किक घोटून घ्या.

खेळ पुन्हा सुरू करण्याच्या किका, म्हणजे किक-ऑफ, गुण झाल्यानंतरची किक आणि दोन्ही ड्रॉप-आउट, या ड्रॉप-किकच असतात. चेंडू जमिनीवर सोडायचा, टप्पा घेऊन वर उठतानाच लाथ मारायची. सांगायला सोपं. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, टप्पा कुठेही जातो. पावसाळ्यात चेंडू टप्पाच घेत नाही, बसतो. मग पोरं हातातूनच उडवतात, आणि ती चुकीची किक ठरते. पंधरा जणांच्या खेळात समोरच्यांना निवड: पुन्हा मारायला लावा किंवा स्क्रम घ्या. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात जणांच्या खेळात, थेट मधोमध फ्री-किक.

यावर आमचा उपाय साधा आहे. मैदानाच्या मध्यबिंदूवर हातभर जागा रोज पाणी मारून ठोकून घट्ट करायची. भेगाही पडत नाहीत आणि चेंडूही बसत नाही. किक मारणाऱ्याने तिथेच उभं राहायचं, रेषेच्या पुढे पाय न टाकता.

टाळा: गुण झाल्यावर सवयीने मध्यावर पळणं.

पंधरा जणांच्या खेळात गुण खाल्लेला संघ किक मारतो. सात जणांच्या खेळात गुण केलेला संघ मारतो. शाळेतली पोरं बहुतेक सेव्हन्स खेळतात, रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली आलं तेही सेव्हन्सच, आणि २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच. पण टीव्हीवर विश्वचषक पंधरांचा दिसतो. मग ट्राय खाल्लेली सात पोरं चेंडू घेऊन मध्यावर, आणि ट्राय केलेलीही मध्यावर, दोघेही किक मारायला तयार. सेव्हन्समध्ये कन्व्हर्जनही ड्रॉप-किकनेच मारतात, चेंडू टीवर ठेवायचा नाही. तेव्हा ती मध्यावरची घट्ट जागा एक पुरणार नाही, सरावासाठी आणखी दोन करा.

करा: किकच्या आधी आपली माणसं चेंडूच्या मागे ठेवा.

किक-ऑफच्या वेळी मारणाऱ्या संघाचे सगळे चेंडूच्या मागे, समोरचे १० मीटरच्या रेषेवर किंवा तिच्या मागे. चेंडूने १० मीटर गाठायलाच हवेत. नाही गाठले आणि समोरच्याने तो आधी खेळला नाही, तर पुन्हा समोरच्यांची निवड. मात्र चेंडू १० मीटर गाठून वाऱ्याने मागे आला तर खेळ चालू. उन्हाळ्याच्या वावटळीत हे घडतं, तेव्हा "सर, मांगं आला!" म्हणून थांबू नका.

किक-ऑफ इतकी जोरात मारू नका की चेंडू कुणालाही न लागता थेट समोरच्या इन-गोलमध्ये जाईल. त्यांनी तो लगेच टेकवला किंवा तो बाहेर गेला तर पंधरांत निवड त्यांची, किक पुन्हा किंवा मधोमध स्क्रम. सेव्हन्समध्ये फ्री-किक. थेट टचबाहेर मारणंही असंच महागात पडतं.

२२ च्या ड्रॉप-आउटला चेंडूने २२ ची रेषा ओलांडली पाहिजे. गोलरेषेच्या ड्रॉप-आउटला त्याने ५ मीटर गाठले पाहिजेत आणि समोरच्यांनी ५ मीटरच्या बाहेर राहिलं पाहिजे. तिथून खेळ रेंगाळत सुरू करू नका. समोरचे अजून धापा टाकत मागे फिरत असतात, तोच क्षण.

टाळा: डेड-बॉल रेषा न आखणं.

हे मी गावोगाव पाहतो. गोलरेषा ठसठशीत, मागे काहीच नाही, मग कुंपण किंवा नाली हीच शेवटची रेषा. मग 'मारला कोणी' या प्रश्नाला उत्तरच राहत नाही. पोरगं पळत पळत नालीपर्यंत जातं आणि पडतं. खांबापासून मागे ६ मीटर मोजा, कुंपण आणि रेषा यांत मोकळी जागा सोडा, आणि रेषा सलग मारा. फक्कीची एकच गोणी आहे आणि पुरणार नाही असं वाटलं तर १० मीटरच्या रेषा थोड्या विरळ मारा. त्या तशाही तुटकच असतात.